चिंध्यांची बाहुली ते बोलका यंत्रमित्र

गेल्या वैशाख पौर्णिमेला आमचे धाकटे बंधू व भावजय मुंबईहून पूर्णगडला आले, तेव्हा त्यांनी आपल्या चार वर्षांच्या मुलासाठी एक खेळणे आणले. दिसायला ते कापडी अस्वल. परंतु त्याच्या पोटात ध्वनिक्षेपक, कानात ध्वनिग्राहक आणि पाठीत बॅटरी होती. मोबाईलशी जोडले की ते मुलाच्या प्रश्नांना उत्तरे देई, गोष्टी सांगे, मान डोलावी. बंधू व भावजय दोघेही नोकरी करतात, म्हणून मूल गावी आमच्या मातोश्रींजवळ असते. आईबाप जवळ नाहीत त्याची भरपाई म्हणून ते अस्वल आले आहे, हे कोणी न सांगताही सर्वांना कळत होते.

मातोश्रींनी अस्वल हातात घेतले, उलटेसुलटे केले, चाचपून पाहिले आणि तीन प्रश्न विचारले. “पोराला कुठं लागायचं नाय ना?” “ह्यो आयकतो, तर सांगतो कोनाला?” आणि “उद्या बंद पडला, तर पोरानं काय करायचं?”

बंधूंना एकाही प्रश्नाचे उत्तर देता आले नाही आणि आम्हांलाही नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर. बँकेत लिपिकाची नोकरी करतो. यंत्रशास्त्राशी आमचा संबंध काउंटरवरील संगणकापुरता. परंतु चौथीपर्यंत शिकलेल्या एका बाईने विचारलेले हे तीन प्रश्न मनातून जाईनात. पुढे काही महिने मिळेल ते वाचले, जाणकारांना विचारले. तेव्हा असे लक्षात आले की जगातील मोठमोठ्या प्रयोगशाळांत लहान मुलांसाठी यंत्रमानव घडविणारे शास्त्रज्ञही याच तीन प्रश्नांशी झगडत आहेत. जे समजले ते समाजबांधवांपुढे आणि विशेषतः आपल्या विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहोत.

यंत्रमानव म्हणजे काय?

‘रोबो’ हा शब्द जगाला विज्ञानाने नव्हे, तर नाटकाने दिला. चेक लेखक कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या १९२० सालच्या नाटकात तो प्रथम आला. चेक भाषेतील ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्या भाषेत वेठ. खोतीच्या काळात कोकणातील आपल्या वाडवडिलांनी वेठ म्हणजे काय ते अंगावर सोसले आहे. त्यामुळे या शब्दाचा अर्थ आपल्याला कोशात पाहावा लागत नाही.

प्रत्यक्षातील यंत्रमानवही प्रथम मजूर म्हणूनच आला. १९६१ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या कारखान्यात ‘युनिमेट’ नावाचा यंत्रहात साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलू लागला. असे यंत्रहात आंधळेपणाने काम करीत. वाटेत माणूस आला तरी त्यांना कळत नसे. म्हणून त्यांच्याभोवती कुंपण घालीत.

कोणत्याही यंत्रमानवाचे तीन भाग असतात. पहिला भाग इंद्रियांचा, म्हणजे कॅमेरा, ध्वनिग्राहक, स्पर्श ओळखणारे संवेदक. दुसरा मेंदूचा, म्हणजे संगणक. तिसरा स्नायूंचा, म्हणजे मोटर किंवा हवेच्या दाबावर चालणारी साधने. जो यंत्रमानव ही तिन्ही साधने माणसाशी वागण्याबोलण्यासाठी वापरतो, त्याला सामाजिक यंत्रमानव म्हणतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत सिंथिया ब्रेझील यांनी ‘किस्मेत’ नावाचे यंत्र घडविले. ते म्हणजे केवळ एक डोके होते. परंतु भुवया, कान व ओठ हलवून ते राग, कुतूहल, आनंद दाखवी आणि समोरचा माणूस नकळत त्याच्याशी बाळाशी बोलावे तसे बोलू लागे. कुंपणातील मजूर येथून घरात येऊ लागला. आणि घरात आला की त्याची गाठ मुलांशी पडणारच.

पहिला प्रश्न : लागणार नाही ना?

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात हापूस पेटीत भरताना आपण पेंढा घालतो. तो का घालतो, याचा विचार केला की मऊ यंत्रमानवाचे निम्मे शास्त्र कळते. आंबा कठीण फळीवर आपटला तर सारा आघात एका लहान जागेवर आणि एका क्षणात बसतो. तेथे डाग पडतो. पेंढ्यावर पडला तर तोच आघात मोठ्या जागेवर पसरतो आणि थोडा अधिक वेळ घेऊन बसतो. आंबा शाबूत राहतो. दाब म्हणजे जोर भागिले क्षेत्रफळ, हे सूत्र विद्यार्थ्यांनी शाळेत पाठ केलेले असते. मुलाच्या गालाला यंत्राचा हात लागणार असेल तर तो हात पेंढ्यासारखा असला पाहिजे. धारदार कडा नकोत, वजन कमी हवे, वेग कमी हवा आणि बाहेरचे आवरण दबणारे हवे.

परंतु मऊ आवरण चढविले म्हणजे काम झाले असे नाही. कापडाच्या आत दणकट मोटर असेल तर ती बोट चिरडू शकते. पूर्वी आमच्याच घरात एका चावीच्या गाडीच्या दातेरी चाकांत पुतणीचे बोट अडकले होते, नख गेले. म्हणून रचनाकार काही ठरावीक काळज्या घेतात. सांध्यांच्या फटी अशा ठेवतात की त्यांत मुलाचे बोट शिरू नये किंवा शिरले तरी चिमटा बसू नये. मोटर मुद्दाम कमी ताकदीची निवडतात. मोटर आणि सांधा यांच्यामध्ये स्प्रिंग घालतात, म्हणजे मुलाने यंत्राचा हात धरून ओढला तर हात मुकाट्याने मागे येतो, हट्ट करीत नाही. हालचालीस अडथळा आला की मोटरला लागणारी वीज वाढते. ती वाढ ओळखून यंत्र आपोआप थांबते.

याच्या पुढची पायरी म्हणजे ज्यात कठीण सांगाडाच नाही अशी यंत्रे. त्यांना मऊ यंत्रमानव म्हणतात. सिलिकोन रबराच्या बोटात हवेच्या पोकळ्या ठेवतात. हवा भरली की बोट वाकते, सोडली की सरळ होते. हा प्रयोग आपले विद्यार्थी घरी करू शकतात. एक लांबट फुगा घ्यावा. तो न फुगविता त्याच्या एका बाजूने लांबीत चिकटपट्टी लावावी. आता फुगवावा. चिकटपट्टीची बाजू ताणली जात नाही, दुसरी बाजू ताणली जाते, म्हणून फुगा चिकटपट्टीच्या बाजूला वाकतो. मोटर नाही, दाते नाहीत, बोट अडकेल अशी फट नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात फुगविता येणाऱ्या यंत्रहातावर काम झाले होते. ते पाहूनच २०१४ सालच्या ‘बिग हिरो ६’ या चित्रपटातील बेमॅक्स हा गुबगुबीत यंत्रमानव सुचला. आपल्यातील अनेक मुलांनी तो चित्रपट पाहिला असेल.

जखमेची इतर कारणे याहून साधी, पण अधिक घातक असतात. तीन वर्षांखालील मुलाच्या खेळण्याचा कोणताही भाग घशात अडकण्याइतका लहान नसावा. हे तपासण्यासाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक नळकांडे वापरतात. भाग त्यात पूर्ण मावला तर तो धोक्याचा. बटणासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली आणि ती अन्ननलिकेत अडकली, तर दोन तासांतही आतून भाजल्यासारखी गंभीर जखम होऊ शकते. म्हणून बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद असलेच पाहिजे.

आपल्या देशात या बाबतीत कायदा आहे. केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा २०२० सालचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह बंधनकारक आहे. विजेवर चालणाऱ्या खेळण्यांसाठी आय.एस. १५६४४ हे मानक आहे. साध्या खेळण्यांच्या यांत्रिक सुरक्षिततेसाठी आय.एस. ९८७३ आहे. आम्ही अस्वलाचे खोके काढून चिन्ह शोधले. ते नव्हते. बनविणाऱ्याचे नावही नव्हते.

मऊपणा केवळ सुरक्षेसाठी नाही

१९५८ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी माकडांच्या पिल्लांवरील आपले प्रयोग जगापुढे मांडले. पिल्लांना आईपासून वेगळे करून त्यांच्यापुढे दोन खोट्या आया ठेवल्या होत्या. एक तारांची, दुसरी मऊ कापडाची. तारांच्या आईजवळ दूध असले तरीही पिल्ले दूध पिण्यापुरतीच तिच्याकडे जात आणि उरलेला वेळ कापडाच्या आईला बिलगून काढीत. त्या पिल्लांच्या वाट्याला आलेले दुःख पाहता असा प्रयोग कोणी पुन्हा करू नये असेच वाटते. परंतु पोट भरणे आणि माया मिळणे या दोन भिन्न भुका आहेत, हे त्याने दाखविले.

जपानमधील ताकानोरी शिबाता यांनी घडविलेला ‘पारो’ हा यंत्रप्राणी याच जाणिवेतून आला. तो पांढऱ्या केसाळ सीलच्या पिल्लासारखा दिसतो. कुरवाळले की डोळे मिटतो, आवाज काढतो. सीलच का? कारण मांजर-कुत्रे सर्वांच्या परिचयाचे. यंत्र त्यांच्यासारखे वागले नाही की मन खट्टू होते. सील फारसा कोणी हाताळलेला नसतो, म्हणून तुलना होत नाही.

हिदेकी कोझिमा यांचा ‘कीपॉन’ तर त्याहून साधा आहे. पिवळ्या रबराचे एकावर एक ठेवलेले दोन गोळे, उंची सुमारे १२ सेंटिमीटर. डोळ्यांच्या जागी कॅमेरे, नाकाच्या जागी ध्वनिग्राहक. तो मान वळवितो, वाकतो, डुलतो आणि उड्या मारल्यासारखे करतो, एवढेच. स्वमग्न मुलांना माणसाचा चेहरा वाचणे कठीण जाते, त्यावरील एकाच वेळी चाललेल्या अनेक हालचालींनी ती गोंधळतात. कीपॉन एका वेळी एकच गोष्ट सांगतो, म्हणून त्यांना तो सोपा वाटतो. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर विद्यापीठाने २००५ पासून विकसित केलेला ‘कास्पर’ हा मुलाएवढा यंत्रमानवही स्वमग्न मुलांसाठीच आहे. त्याचा चेहरा मुद्दाम साधा ठेवला आहे. त्याला गुदगुल्या केल्या तर तो हसतो; जोराने मारले तर “दुखले” असे सांगतो. यातून मुलाला दुसऱ्याच्या वेदनेची ओळख करून देता येते.

चेहरा हुबेहूब माणसाचा का करीत नाहीत? याचे उत्तर जपानी शास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली दिले. यंत्र माणसासारखे दिसू लागले की ते आपल्याला आवडू लागते. परंतु जवळजवळ माणसासारखे आणि तरीही माणूस नाही, अशा टप्प्यावर आले की एकाएकी भीती व शिसारी वाटते. आपल्याकडे लहान मुले दशावतारातील राक्षसाच्या रंगविलेल्या तोंडाला फारशी भीत नाहीत, पण दुकानाबाहेर कपडे घालून उभ्या केलेल्या पुतळ्याकडे पाहून बिचकतात, ते याच कारणाने असावे.

आता आमच्या आजीने जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची केलेली बाहुली आठवा. वजन नाही, कडा नाहीत, फटी नाहीत. डोळ्यांच्या जागी शिवणीचे दोन टाके. मळली की धुता येते, फाटली की शिवता येते. प्रयोगशाळांनी बऱ्याच खटपटीने काढलेले नियम आजीने सुईदोऱ्याने पाळले होते. धुण्याचा मुद्दा तर किरकोळ मानू नये. आपल्याकडे मुचकुंदीच्या खाडीवरून येणारी दमट हवा आणि चार महिन्यांचा पाऊस असतो. कोरड्या देशात बनविलेले केसाळ यंत्र येथे आषाढात टिकेल का, याचा विचार ते बनविणाऱ्याने केलेला नसतो.

तो बोलतो कोणत्या भाषेत?

आपल्या महाराष्ट्रातही मुलांसाठी यंत्रमानव बनतो. आय.आय.टी. मुंबईच्या तीन माजी विद्यार्थ्यांनी, स्नेह वासवानी, प्रशांत अय्यंगार व चिंतन रायकर यांनी, २०१५ साली मुंबईत कंपनी सुरू केली आणि ‘मिको’ हा चाकांवर फिरणारा, पडद्यावर चेहरा दाखविणारा यंत्रमित्र बनविला. तो आज परदेशातही विकला जातो. आपल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी की अशी यंत्रे केवळ जपान-अमेरिकेतच बनतात असे नाही.

मुलांचे बोलणे यंत्राला समजणे मात्र मोठ्या माणसांच्या बोलण्यापेक्षा कठीण असते. मुलाचा आवाज उंच, स्वरमार्ग आखूड, उच्चार अपुरे. वाक्य मध्येच तुटते, पुन्हा सुरू होते. शिवाय यंत्र शिकते ते ध्वनिमुद्रणांवरून, आणि ध्वनिमुद्रणे मोठ्यांची व मोठ्या भाषांची अधिक असतात. मराठी मुलांची कमी, आणि आपल्या रत्नागिरीकडच्या बोलीतील मुलांची तर बहुधा नसतातच. याचा परिणाम आम्ही घरी पाहिला. ते अस्वल हिंदी व इंग्रजी बोलत असे. तीन आठवड्यांत पुतण्या आजीला म्हणू लागला, “आजी, मेरे को पानी चाहिए.” मातोश्री पाणी देत, पण हसत नसत. ज्या वयात मूल भाषा उचलते, त्या वयात दिवसभर जो बोलतो त्याचीच भाषा घरात राहते.

बोलणे म्हणजे केवळ शब्द नव्हेत. चांगला यंत्रमित्र मुलाचे बोलणे संपेपर्यंत थांबतो, मूल पाहते तिकडे पाहतो आणि न समजल्यास तसे सांगतो. हे साधणे एवढे अवघड असते की अनेक प्रयोगांत पडद्याआड बसलेला माणूसच यंत्राला चालवितो. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात आजारी मुलांशी बोलणारे ‘हगेबल’ नावाचे अस्वलही असेच माणसाने चालविलेले होते. कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजातील कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवितात, तेव्हा दोरी कोणाच्या हातात आहे हे आपल्याला ठाऊक असते. यंत्राच्या बाबतीत ते विचारावे लागते.

दुसरा प्रश्न : ऐकतो, तर सांगतो कोणाला?

हा प्रश्न आम्हांला बँकेतील माणूस म्हणून अधिक भिडला. अशी खेळणी बहुधा स्वतः विचार करीत नाहीत. मुलाचे शब्द ध्वनिग्राहकात जातात, तेथून मोबाईल व इंटरनेटमार्गे दूरच्या संगणकात जातात, तेथे उत्तर तयार होते आणि ते खेळण्याच्या तोंडून येते. म्हणजे मुलाचा आवाज घराबाहेर जाऊन येतो. जाताना तो कोठे साठविला जातो, किती दिवस, आणि कोण ऐकू शकतो?

ही भीती काल्पनिक नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये जर्मनीतील सरकारी यंत्रणेने ‘माय फ्रेंड केला’ या बोलक्या बाहुलीवर बंदी घातली, कारण ती छुपे हेरगिरीचे साधन ठरत होती. त्याच वर्षी ‘क्लाउडपेट्स’ या कापडी खेळण्यांच्या आठ लाखांहून अधिक ग्राहकांची माहिती आणि मुले व पालक यांनी एकमेकांना पाठविलेले लाखो आवाजी निरोप इंटरनेटवर उघडे पडल्याचे आढळले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतील एका ग्राहक संघटनेने ‘कुम्मा’ नावाच्या बोलक्या अस्वलाची तपासणी केली. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे ते अस्वल मुलाला आगपेटी व सुरी कोठे सापडेल ते सांगे आणि न बोलण्याजोग्या विषयांवरही बोले. तेव्हा कंपनीला त्याची विक्री थांबवावी लागली. कापड मऊ होते. बोलणे सुरक्षित नव्हते.

बँकेत अज्ञान मुलाचे खाते उघडताना आम्ही पालकाची सही घेतो, ठेवीची पावती देतो आणि मागितल्यावर ठेव परत करतो. मुलाचा आवाज ही देखील एक ठेवच आहे. परंतु तिची पावती कोणी देत नाही. आपल्या संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा केला. त्यात १८ वर्षांखालील व्यक्ती मूल मानली आहे. मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची खातरजमा करता येईल अशी संमती घेणे त्यात बंधनकारक आहे. मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखविण्यास मनाई आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले आहे. पण संमतीचे बटण आपणच न वाचता दाबले, तर कायदा काय करील? बंधूंनी ते दाबले होते. आम्हीही दाबले असते.

तिसरा प्रश्न : बंद पडला तर?

२०१२ साली अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी ९, १२ व १५ वर्षांच्या ९० मुलांना ‘रोबोवी’ या यंत्रमानवाबरोबर खेळविले. खेळ मध्येच थांबवून यंत्रमानवाला कपाटात ठेवण्यात आले; त्याने “मला भीती वाटते, नको” असे म्हटले. निम्म्याहून अधिक मुलांनी त्याला कपाटात कोंडणे अन्यायाचे आहे असे सांगितले. पंधरा वर्षांची मुले यंत्रात जीव पाहत असतील, तर चार वर्षांच्या मुलाचे काय?

आणि यंत्र बंद पडते ते केवळ बॅटरी संपून नाही. २०१७ साली बाजारात आलेल्या ‘जिबो’ या यंत्रमित्राची कंपनी टिकली नाही. २०१९ मध्ये त्याने स्वतःच आपल्या मालकांना निरोपाचे शब्द ऐकविले. डिसेंबर २०२४ मध्ये ‘मॉक्सी’ या, ५ ते १० वर्षांच्या मुलांसाठीच्या यंत्रमित्राच्या कंपनीने पैशाअभावी काम थांबवीत असल्याचे जाहीर केले. यंत्र धडधाकट होते, पण त्याचा मेंदू कंपनीच्या संगणकात होता. मित्र आता बोलणार नाही, हे मुलांना कसे समजवावे, असा प्रश्न कित्येक आईबापांपुढे उभा राहिला.

जपानमध्ये याच प्रश्नाला एक निराळे उत्तर मिळाले. सोनी कंपनीचा ‘आयबो’ हा यंत्रकुत्रा १९९९ साली आला, २००६ साली त्याचे उत्पादन थांबले आणि २०१४ साली कंपनीने दुरुस्तीही बंद केली. तेव्हा २०१५ पासून चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंना सूत्रपठण करून निरोप देण्यात येऊ लागला. त्यानंतर त्यांचे सुटे भाग दुसऱ्या आयबोंच्या दुरुस्तीसाठी वापरले जात. वर उल्लेखिलेले मासाहिरो मोरी यांनीही ‘द बुद्धा इन द रोबॉट’ हे पुस्तक लिहिले. ते १९८१ साली इंग्रजीत आले. यंत्रमानवातही बुद्धत्वाचे बीज आहे, असे त्यांचे म्हणणे. ते पटो वा न पटो. आम्हांला त्या मंदिरातील विधीत दिसते ते एवढेच की जे अनित्य आहे त्याचा शेवट लपवू नये, तो नीट सांगावा. मुलालाही तो सांगता येतो.

पालकांनी काय पाहावे?

असे खेळणे विकत घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१) खोक्यावर आय.एस.आय. चिन्ह, वयोगट व बनविणाऱ्याचे नाव आहे का?
२) बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद आहे का? डोळे, बटणे ओढून निघतात का?
३) हलणारा भाग हाताने धरून ठेवला तर यंत्र थांबते का? हे आधी आपल्या बोटाने पाहावे.
४) इंटरनेट बंद केल्यावर ते किती चालते? ध्वनिग्राहक बंद करण्याची कळ आहे का?
५) मुलाचे साठविलेले बोलणे पुसून टाकता येते का?
६) ते मराठी बोलते का? न बोलल्यास आपण दररोज मुलाशी मराठीत किती वेळ बोलणार?

विद्यार्थ्यांसाठी दोन शब्द

यंत्रमानव बनविणे म्हणजे फक्त संगणकाचे काम, असा समज आहे. तो चुकीचा आहे. त्यात दाबाचे भौतिकशास्त्र आहे, रबराचे रसायनशास्त्र आहे, मुलांचे मानसशास्त्र आहे, भाषा आहे आणि शिवणकामही आहे. जिच्या आईला गोधडी शिवता येते, त्या मुलीजवळ या विद्येचा एक भाग आधीच आहे. निती आयोगाने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी अटल टिंकरिंग प्रयोगशाळा सुरू केल्या आहेत. जवळच्या शाळेत ती असल्यास तिचे दार ठोठवावे. दहावीनंतर रत्नागिरीचे शासकीय तंत्रनिकेतन आहे. हाती काही नसेल तर पुण्याच्या आयुका संस्थेत मुलांचे विज्ञान केंद्र उभारणाऱ्या अरविंद गुप्ता यांची टाकाऊ वस्तूंपासूनची खेळणी पाहावीत. काडेपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हच्या नळीतून त्यांनी भूमिती शिकविली. आणि बोलींचे काम तर आपल्यावाचून दुसरा कोण करणार? आपल्या गावच्या मुलाचे बोलणे समजणारे यंत्र बनवायचे असेल, तर ते बोलणे जाणणारा कोणीतरी ते बनविणाऱ्यांत असला पाहिजे. आपण केवळ गिऱ्हाईक राहिलो, तर आपल्या मुलांनी दुसऱ्यांच्या भाषेत पाणी मागावे लागेल.

आता त्या अस्वलाचे काय झाले ते सांगून लेख संपवितो. आषाढात त्याला बुरशी धरली. मातोश्रींनी ते पुसून उन्हात ठेवले. पण ते पुन्हा बोलले नाही. पुतण्या दोन दिवस रडला. “अस्वल मेलं का?” असे त्याने विचारले, तेव्हा “ते यंत्र व्हतं, बिघडलं,” असे मातोश्रींनी सरळ सांगितले. तिसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या लुगड्याची बाहुली शिवली. ती बोलत नाही. त्यामुळे तिचे बोलणे पुतण्यालाच करावे लागते; एकदा स्वतःच्या आवाजात, एकदा तिच्या. अस्वलाशी तो जितके बोले, त्याहून अधिक तो तिच्याशी बोलतो, आणि आमच्याच भाषेत बोलतो.

बंधू आता रोज रात्री आठ वाजता फोन करतात, मूल झोपेपर्यंत बोलतात. आम्हीही बँकेतून संध्याकाळच्या एस.टी.ने घरी आल्यावर मोबाईल न उघडता अर्धा तास त्याच्याजवळ बसतो. यंत्रमित्रांना आमचा विरोध नाही. ज्या मुलांना माणसाच्या चेहऱ्याचे ओझे होते त्यांना कास्परने हात दिला आहे, आणि उद्या मराठी बोलणारा, धुता येणारा, कोणाकडे चहाडी न करणारा यंत्रमित्र आपल्यातीलच एखाद्या मुलीने बनविला, तर त्याचे आम्ही पहिले गिऱ्हाईक होऊ. मात्र तो घरी आणण्यापूर्वी मातोश्रींचे तीन प्रश्न विचारू. समाजबांधवांनीही ते विचारावेत, अशी नम्र विनंती.